शाळेमागची शेवळं

महिपत विशे गुरुजींना झाडं लावायची हौस आहे, असं डोळखांबच्या बाजूला कुणीही सांगितलं असतं. मूळचे ते मुरबाड तालुक्यातले. घरी भाताची शेती होती, ती दोघे भाऊ बघत. हे एकटेच शिकले, डी.एड. झाले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. १९९० साली त्यांची बदली कुंभ्याच्या वाडीवर झाली. डोळखांबपासून तासभर चढण चढून गेलं की ही वाडी लागते. पस्तीसेक ठाकर आदिवासींची घरं आणि दोन खोल्यांची कौलारू शाळा. गुरुजींनी डोळखांबला खोली घेतली. रोज चालत वर जायचं, चालत खाली यायचं. शनिवारी अर्धी शाळा सुटली की जीप, मग एसटी, असं करत मुरबाडला घरी.

माणूस कामाला चोख होता. भर पावसात ओढा चढला तर इतर वाड्यांवरच्या शाळा बंद राहायच्या, पण विशे गुरुजी धोतरासारखी पँट गुडघ्यावर गुंडाळून ओढा पार करायचे. मुलांची नखं तपासायचे, डोक्याला लावायला तेल स्वतःच्या घरून आणायचे. पाचवीला आश्रमशाळेत मुलं पाठवायची म्हणून घरोघर फिरायचे. त्यांच्यात खोट काढावी असं वरवर काही नव्हतं. एकच होतं, आणि ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. वाडीतल्या माणसांना काही कळत असेल, असं त्यांना मनापासून कधी वाटलं नाही. सकाळी वर चढताना त्यांना मोळ्या घेऊन खाली उतरणाऱ्या बाया भेटत. त्या बाजूला सरून वाट द्यायच्या. गुरुजी मनात म्हणायचे, हीच माणसं डोंगर बोडका करतायत.

१९९३च्या जुलैत वृक्षलागवडीचं पत्रक आलं. प्रत्येक शाळेनं झाडं लावायची, जगवायची, आणि तालुक्यात चांगल्या शाळांचा सत्कार होणार. गुरुजींनी रोपवाटिकेतून दोनशे रोपं मिळवली. निम्मा गुलमोहर, निम्मी ऑस्ट्रेलियन बाभूळ. टेम्पोनं रोपं खालच्या रस्त्यापर्यंत आली, तिथून मुलांनी ती डोक्यावरून वर नेली.

जागा शाळेच्या मागेच होती. अर्ध्या एकराचा उतार, त्यावर करवंदाच्या जाळ्या, कुड्याची झुडपं, धायटी, आणि मधोमध दोन वेडीवाकडी काकडाची झाडं. गुरुजींच्या नजरेला ते नुसतं गचपण होतं. त्यांनी वाडीतल्या चार बाप्यांना कोयते घेऊन बोलावलं आणि दोन दिवसांत उतार साफ केला. काकडाची झाडंही पाडली, कारण ती आखलेल्या रांगेत येत होती. तिसऱ्या दिवशी मुलांनी खड्डे घ्यायला सुरुवात केली.

खड्डे घेताना जमिनीतून कांद्यासारखे मोठमोठे गड्डे निघू लागले. वर हिरवी, छत्रीसारखी उघडलेली पानं आणि खाली गड्डा. मुलं ते काढून बांधाकडे फेकत होती. चौथीतली काशी नावाची मुलगी मात्र कुदळ खाली ठेवून उभी राहिली. गुरुजींनी विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली की ही शेवळं आहेत, काढली तर पुढल्या साली येणार नाहीत.

गुरुजींना शेवळं माहीत नव्हती असं नाही. दरवर्षी जूनच्या तोंडाशी मुरबाडच्या बाजारात ते शेवळाच्या जुड्या घ्यायचे. सोबत काकडाची हिरवी, आंबट फळंही घ्यायचे, कारण त्यांच्याशिवाय शिजवली तर शेवळं घशाला खाजतात. त्यांची आई ती भाजी सुरेख करायची. पण त्यांना ठाऊक होती ती जुडीतली, जांभळट कोंबांची शेवळं. पावसात त्यांनाच अशी पानं फुटतात आणि वर्षभर जमिनीखाली गड्डा धरून राहतात, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, पोरगी कामाला कंटाळली. त्यांनी तिला वर्गासमोर ओणवं उभं केलं आणि खड्डे पुरे करून घेतले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरत असताना काशीची आई आली. तानी तिचं नाव. तिनं बांधाकडे फेकलेले गड्डे टोपलीत गोळा केले होते. ती टोपली तिनं ओट्यावर ठेवली आणि आत न येता दारातूनच बोलली. शाळेमागची शेवळं सगळी वाडी खाते, म्हाताऱ्या माणसांना वर डोंगरात जाता येत नाही, ती इथूनच काढतात, निदान जे खड्डे राहिलेत ते तरी दुसरीकडे घ्या, असं तिचं म्हणणं. आवाज चढवला नव्हता. काकडाबद्दल मात्र ती एवढंच बोलली. गुरुजी, ती झाडं माझ्या सासऱ्याच्या बापानं राखली होती.

पन्नास मुलं बघत होती. गुरुजींना त्या टोपलीचा, त्या शांत बोलण्याचा आणि मुलांच्या नजरांचा एकदम राग आला.

“अख्खा डोंगर कापून मोळ्या विकता,” ते म्हणाले, “आणि शाळेनं दोन झुडपं काढली तर मला झाडं शिकवायला येता? आधी पोरीचं डोकं धुवा, मग शिकवा.”

दोन-चार मुलं हसली. काशी पुढच्या रांगेत बसली होती. ती मान खाली घालून पाटीवर बोट फिरवत राहिली. तानीनं टोपली उचलली आणि ती गेली.

त्यानंतर काशी शाळेत आली नाही. गुरुजींनी आठ दिवस हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजर मांडलं, मग महिनाभर मांडलं. इतर मुलांच्या घरी जाणारे गुरुजी तिच्या घरी गेले नाहीत. पोरी मोठ्या व्हायला लागल्या की घरात बसवतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दिवाळीनंतर त्यांनी लाल शाईनं तिचं नाव कमी केलं.

झाडं जगली. गुरुजींनी उन्हाळ्यात मुलांकडून तांबे भरभरून पाणी घालून घेतलं. १९९५ साली तालुक्याच्या सत्कारात शाळेला भिंतीवरचं घड्याळ आणि प्रमाणपत्र मिळालं, आणि साप्ताहिकात फोटो आला. गुलमोहराच्या रोपांमध्ये गुरुजी उभे, दोन्ही बाजूंना टोप्या घातलेली मुलं. तो फोटो त्यांच्या मुरबाडच्या घरात बरीच वर्षं होता.

१९९८ला बदली झाली, ती मुरबाडच्या जवळच. सहा वर्षं तिकडे गेली. २००४च्या जूनमध्ये ते पुन्हा कुंभ्याच्या वाडीवर आले, आता मुख्याध्यापक म्हणून. शाळेमागे मोठी सावली झाली होती. गुलमोहर फुलून सडा पडला होता. बाभळी कौलांच्या वर गेल्या होत्या. गुरुजींना समाधान वाटलं. पण एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आली. झाडांखाली काही नव्हतं. बाभळीच्या वाळक्या, चामड्यासारख्या पानांचा थर, आणि त्याखाली उघडी माती. गवतसुद्धा नव्हतं. मुलं तिथं खेळायची, पण पाखरू फारसं उतरत नव्हतं. त्यांनी ते पाहिलं आणि त्यावर विचार करायचं टाळलं.

दोन वर्षांनी डोळखांबला केंद्राच्या शिक्षकांची बैठक होती. जैवविविधतेबद्दल सांगायला एक तरुण मुलगी आली होती. तिनं भाषण फारसं केलं नाही. एका पिशवीतून दहा-बारा फांद्या आणि पानं काढली, टेबलावर मांडली आणि म्हणाली की ही तुमच्या शाळांच्या आसपासची आहेत, नावं सांगा. चाळीस शिक्षक होते. पाच नावंसुद्धा पुरी झाली नाहीत. मग तिनं एक छत्रीसारखं पान उचललं. मागच्या बाकावरच्या एका शिपायानं नाव सांगितलं, शेवळ. ती म्हणाली, झाडं लावायलाच हवीत, पण लावण्याआधी जमिनीत काय आहे ते तिथल्या माणसांना विचारा, कारण एकदा गेलेलं आपल्याला रोपवाटिकेत मिळत नाही. प्रत्येक शाळेनं मुलांकडून गावातल्या रानभाज्यांची आणि झाडांची वही करायची, असं ठरलं.

विशे गुरुजी वहीत काही लिहीत नव्हते. त्यांना ओट्यावरची टोपली दिसत होती. तेरा वर्षांत ती त्यांना कधी आठवली नव्हती असं नाही. पण तेव्हा आपण बरोबर होतो, ही त्यांची खात्री होती. ती खात्री त्या दिवशी, चहाची वेळ व्हायच्या आत गेली.

शाळेत त्यांनी मुलांना घरून विचारून एकेक भाजी आणायला सांगितलं. मुलांनी शाळेचा ओटा भरून टाकला. लोत, कुर्डू, टाकळा, कोळीची भाजी, करटोलीचा वेल. प्रत्येकाला माहीत होतं की ती कुठं येते, कधी येते, कशी उकडायची. गुरुजी लिहून घेत होते आणि त्यांच्या लक्षात येत होतं की या मुलांनी त्यांना कधी हे सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पहिलीतल्या रोशनीनं शेवळाचं पान आणलं. ते तिची आजी पार वरच्या कड्याखालून घेऊन आली होती. जायला-यायला अर्धा दिवस लागला होता.

“एवढ्या लांबून का?” गुरुजींनी विचारलं.

“आजी सांगते, पयले शाळेमागंच व्हती. मंग एका गुरजीनं काढली.”

पोरीला ठाऊक नव्हतं तो गुरुजी कोण. वर्गातल्या कुणालाच नव्हतं. गुरुजींनी खडू हातात धरला होता. सांगायचं असेल तर हीच वेळ होती. ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी लिहिलं, शेवळ. जागा, कड्याखाली. मग पुढच्या मुलाला विचारलं.

त्या रात्री डोळखांबच्या खोलीवर त्यांना जेवण गेलं नाही. माणसाला दुसऱ्यानं पकडलं तर तो भांडू तरी शकतो. त्यांना कुणी पकडलं नव्हतं. सकाळी शाळेत गेल्या गेल्या त्यांनी दाखल रजिस्टर उघडलं. रोशनीच्या नावापुढे आईचं नाव काशी होतं. म्हणजे ती आजी तानीच.

तीन दिवसांनी शाळा सुटल्यावर ते तानीच्या घरी गेले. वाडीत इतकी वर्षं काढून त्या अंगणात त्यांनी पहिल्यांदा पाय ठेवला. तानी आता थकली होती, पण डोळे तेच. तिनं घोंगडी टाकली, पाणी दिलं. गुरुजींनी जुळवून आणलेलं सगळं सांगून टाकलं. ती जागा साफ केली तेव्हा मला कळत नव्हतं, शेवळं गेली, काकडं गेली, वाडीचं नुकसान केलं, ते माझ्या हातून झालं, आता जमेल तेवढं परत आणू या, मला सांगा कसं करायचं. बोलून झाल्यावर त्यांना थोडं हलकं वाटलं.

तानीनं पाण्याचा रिकामा तांब्या आत नेऊन ठेवला. मग म्हणाली, “शेवळाचं काय गुरजी, ती वर हायेत. पाय हायेत तवर आमी आणतू. पोरीला बोलवाया एकदा तरी यायला पायजे होतंत.”



तानीनं पुढचं सगळं साध्या आवाजात सांगितलं. काशीला शाळा आवडायची. त्या दिवसानंतर ती जाईना. तानीनं मारलंसुद्धा, तरी जाईना. म्हणाली, गुरुजी बोलवायला आले तर जाईन. सहा महिने ती दारात बसून शाळेच्या घंटेकडे कान लावायची. मग भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेली, लग्न झालं, आता दर दिवाळीला नवऱ्याबरोबर भट्टीवर जाते आणि पावसाला परत येते. रोशनीला मात्र बरोबर नेत नाही. तिची शाळा चुकू नये म्हणून आजीकडे ठेवते. शिकलेली अक्षरं काशी विसरून गेली, भट्टीवर मुकादम हजेरी लिहितो तेव्हा ती अंगठा देते.

गुरुजी झाडांची माफी मागायला आले होते. ज्या गोष्टीची मागायला हवी होती ती त्यांच्या मनातसुद्धा आली नव्हती. उठताना त्यांना चप्पल सापडेना, ती पायापुढेच होती.

त्यांनी मग तेवढं केलं जेवढं हातात होतं. पुढच्या पावसाआधी वरच्या परवानग्या काढून उतारावरच्या निम्म्या बाभळी काढल्या. वृक्षलागवडीच्या दिवशी मुलांबरोबर तानी आणि वाडीतल्या सहा-सात बाया आल्या. त्यांनी कड्याखालून शेवळाचे साठेक गड्डे आणले होते, तेही एका जागेचे सगळे नाही, प्रत्येक ठिकाणचा थोडा थोडा. काकडाच्या जाड फांद्या तोडून तिरप्या रोवल्या. किती खोल पुरायचं, कोणती बाजू वर ठेवायची, हे मुलांना तानी दाखवत होती. गुरुजी बाजूला उभे राहून पाणी देत होते. काही चुकलं की तानी त्यांनाही सांगायची, आणि ते ऐकायचे. पुढच्या जूनला साठातले अठरा उगवले. काकडाच्या सात फांद्यांपैकी दोन फुटल्या. खाण्याजोगं व्हायला अजून वर्षं लागतील, तोवर एकही कोंब काढायचा नाही, असं बायांनीच ठरवलं.

काशी त्या दिवशी आली नाही. वाडीतच होती, पण आली नाही. वाटेत भेटली तर बाजूला सरायची. गुरुजी दोनदा तिच्या घराच्या दिशेनं निघाले आणि दोनदा ओढ्यापासून मागे फिरले. तिला काय म्हणायचं, हे त्यांना सुचलं नाही.

२००९च्या जूनअखेर ते निवृत्त झाले. शाळेपुढे मांडव घातला होता. केंद्रप्रमुख आले, आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक आले, वाडी सगळी आली. शाळेची वही तालुक्यात वाखाणली गेली होती, त्यामुळे प्रत्येकजण झाडांवरच बोलला. निसर्गप्रेमी शिक्षक, असं तीन जणांनी म्हटलं. गुरुजींना ते ऐकवेना. त्यांनी मनाशी ठरवलं की आज तरी खरं सांगायचं.

उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. तो उतार, ते गड्डे, ओट्यावरची टोपली, तानीला काय बोललो ते शब्दासहित. काशी उघडे या मुलीचं नाव मी लाल शाईनं कमी केलं, ती आज अंगठा देते, आणि त्याला मी कारण आहे, असं ते म्हणाले.

मग टाळ्या पडल्या, खूप वेळ. केंद्रप्रमुख उठले आणि म्हणाले, एवढ्या मोठ्या मनाचा माणूस या तालुक्यानं पाहिला नाही. त्यांनी गुरुजींना शाल घातली. गुरुजी शाल खांद्यावर घेऊन बसले. सांगितलेलं कुणाला पोचलंच नव्हतं.

चहा चालू असताना काशी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावर इरलं, पाय चिखलानं भरलेले, भाताच्या लावणीतूनच आली होती. ती मांडवाबाहेर उभी राहून ऐकत होती.

“माजं नाव घेतलंत,” ती म्हणाली.

गुरुजी उठून उभे राहिले.

“तवा पन सगल्यांसमोर. आज पन सगल्यांसमोर. मी अंगठा देते ते रोशनीच्या वर्गातल्या पोरांना म्हाईत नव्हतं. मला इचारायचंत तरी.”

ती रागावून बोलत नव्हती. सांगून झाल्यावर ती वळली आणि शेताकडे गेली. चहाचा कप गुरुजींच्या हातात तसाच होता. पलीकडे कुणीतरी त्यांच्याबरोबर फोटो काढायला मुलांना रांगेत उभं करत होतं.

मुरबाडला घरी गेल्यावर त्यांनी बायकोला, जनाबाईंना, हे सांगितलं. जनाबाई शालीची घडी घालत होत्या. त्या म्हणाल्या, तुम्ही तिला सांगायला हवं होतं, तुम्ही लोकांना सांगितलंत. गुरुजी हो म्हणाले. ती शाल त्यांनी कधी पांघरली नाही, आणि त्यानंतर कुणी बोलायला बोलावलं तर ते जात नसत. साप्ताहिकातला तो फोटो त्यांनी भिंतीवरून उतरवला.

दहा-बारा दिवसांनी एका सकाळी ते एसटी, मग जीप, असं करत डोळखांबला उतरले आणि वर चढले. पाऊस भुरभुरत होता. शाळेकडे न वळता ते ओढ्याच्या पलीकडे गेले. काशी दुसऱ्याच्या खाचरात लावणी करत होती. सोबत चार बाया होत्या. गुरुजींना बघून त्यांचं बोलणं थांबलं. ते बांधावर उभे राहिले आणि त्यांनी काशीला एवढंच विचारलं की तुझ्याशी दोन शब्द बोलायचे आहेत, बोलू का, का परत जाऊ?

काशीनं मान वर केली नाही. हातातली आवणाची जुडी सुटी करून तिनं रोपं चिखलात खोचली, एक पाऊल मागं सरली, परत खोचली.

“ओळ व्हईतवर थांबा,” ती म्हणाली.

ओळ लांब होती. गुरुजी छत्री धरून बांधावर थांबले.